मागच्या बुशला तेल

फेब्रुवारी सरत आला की पंखे दुरुस्त करणाऱ्या दुकानांत टेबल पंख्यांची रांग लागते. प्रत्येकाच्या मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आडनावाखाली तक्रार: ‘हळू फिरतो’, ‘हाताने ढकलावा लागतो’, ‘घरघर करतो’, ‘तापून वास येतो’. पंखा आणून देणाऱ्याने मनात निदान पक्के केलेले असते, की मोटर जळाली. पण पुरती जळालेली मोटर फिरतच नाही. जो पंखा रडतखडत का होईना फिरतो आहे, त्याची मोटर बहुधा शाबूत असते. त्याचा शाफ्ट, म्हणजे पात्यांचा दांडा, ज्यांच्या आधारावर फिरतो ते बुश कोरडे पडलेले असतात, किंवा कंडेन्सर अशक्त झालेला असतो, किंवा दोन्ही. यातले पहिले दुखणे घरच्या घरी बरे करता येते आणि त्याला चमचाभरही तेल लागत नाही. तरीही असे कितीतरी पंखे भंगारात जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. इतके साधे, इतके सोसणारे आणि इतक्या सहज दुरुस्त होणारे विजेचे यंत्र घरात क्वचितच दुसरे असते.

तेलाची बाटली हातात घेण्याआधी परीक्षा करायची. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा आणि मग पाती बोटाने हलकेच फिरवायची. धडधाकट पंख्याची पाती एका टिचकीत दोन-चार फेऱ्या घेतात आणि सावकाश थांबतात. ती जागच्या जागी अडखळली, बोटाला चिकट विरोध जाणवला, तर बुश कोरडे आहेत. पाती मोकळी फिरतात, पण वीज दिल्यावर पंखा नुसता गुणगुणतो आणि धक्का दिल्यावर मात्र वेग धरतो, तर दोष कंडेन्सरचा. तिथे तेलाची अख्खी बाटली रिकामी केली तरी उपयोग नाही. आणि शाफ्टचे टोक धरून वर-खाली हलवल्यावर ते खडखडत असेल, तर बुशचे भोक झिजून मोठे झाले आहे. तेलाने त्याचा आवाज चार दिवस दबेल, पण बुश बदलावाच लागेल. दुकानदार पंखा हातात घेताक्षणी ‘कंडेन्सर गेलाय, ताई’ म्हणाला, तर ‘जरा पाती फिरवून बघता का, भाऊ?’ असे विचारायला अजिबात संकोच करू नये. चांगला कारागीर न विचारता आधी तेच करतो.

कोरड्या बुशची चाहूल खरे तर बरीच आधी लागते. पंखा तीन नंबरवर सुरू होतो, पण एक नंबरवर होत नाही, हे पहिले लक्षण. कमी वेगाच्या बटणावर मोटरीचा जोरही कमी असतो आणि बुशमधला विरोध तिला झेपत नाही. लोक मग पंखा तीनवर सुरू करून एकवर आणायची सवय लावून घेतात आणि त्या सवयीत वर्ष निघून जाते. दुसरे लक्षण बंद करताना दिसते. बटण बंद केल्यावर पंखा पूर्वी बराच वेळ फिरत राहायचा, आता चटकन थांबतो. या दोन खुणा ओळखता आल्या, तर पुढची बरीचशी दुखणी टळतात.

आता आत काय आहे ते पाहू. आपल्याकडच्या नेहमीच्या टेबल पंख्याची पाती ४०० मिलिमीटरची, म्हणजे सोळा इंची असतात आणि तो साधारण पन्नास-पंचावन्न वॉट वीज घेतो. आत सिंगल फेज इंडक्शन मोटर असते. बाहेरच्या स्थिर भागात, स्टेटरमध्ये, तारेची वेटोळी बसवलेली असतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर, चार ध्रुवांच्या मोटरीत, या वेटोळ्यांमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्या घेते. मधला रोटर त्याच्यामागे थोडा रेंगाळत तेराशे-चौदाशे फेऱ्यांनी फिरतो. या रोटरला वीज पोचवणारे ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, पट्टा नाही. रोटर आणि स्टेटर यांच्यामध्ये निव्वळ हवेची फट. पंखा मान फिरवत असेल तर त्याचे गिअर सोडून, सगळ्या यंत्रात सतत घासणाऱ्या जागा दोनच: शाफ्ट ज्यांच्या आधारावर फिरतो ते पुढचा आणि मागचा बुश.

त्या दोन जागांना किती काम पडते याचा हिशेब करून पाहावा. मिनिटाला १३५० फेऱ्या धरल्या आणि पंखा रात्रीचे आठ तास चालला, तर एका रात्रीत ६ लाख ४८ हजार फेऱ्या होतात. चार महिन्यांच्या उन्हाळ्यात पावणेआठ कोटी. शाफ्ट ८ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याचा पृष्ठभाग एका रात्रीत बुशच्या आतल्या बाजूवरून सोळा किलोमीटर सरकतो. शाफ्ट आणि बुश यांच्यातली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी. एवढ्या फटीत, एवढे अंतर, वर्षानुवर्षे, आणि तरीही पंखा टिकतो. कारण तेल नीट असेल तर वेग घेतल्यावर शाफ्ट बुशला जवळजवळ टेकत नाही.

हे कसे घडते, याचा शोध आगगाडीच्या आसाच्या अभ्यासातून लागला. इंग्लंडमधल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशाँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगमधल्या घर्षणाचे प्रयोग करत होता. त्याचा अहवाल १८८३ साली आला. त्याच्या यंत्रात आस खालच्या बाजूने तेलात बुडालेला होता आणि बेअरिंग वरून टेकलेले होते. त्या बेअरिंगला वर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले, तर यंत्र सुरू होताच त्यातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवरने भोकाला बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. मग त्याने तिथे दाब मोजण्याचे यंत्र बसवले. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि तेलाचा दाब २०० पौंडांच्याही वर गेला. म्हणजे आसावरचा सगळा भार तेलाचा थर उचलून धरत होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्यामागचे गणित मांडले. फिरणारा शाफ्ट आपल्याबरोबर तेल ओढत नेतो आणि निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. कोंबलेल्या तेलाचा दाब वाढतो आणि शाफ्ट वर उचलला जातो. आजही बेअरिंगचे गणित करताना रेनॉल्ड्सचे समीकरणच वापरतात.

पंख्याच्या लहानशा बुशमध्ये हा थर इतका भक्कम नसतो, हेही सांगायला हवे. वेग घेतल्यावर तो बऱ्यापैकी काम करतो, पण सुरू होताना आणि थांबताना शाफ्ट बुशच्या धातूला प्रत्यक्ष घासतो. झीज मुख्यतः या क्षणांत होते, आणि त्या क्षणी धातूच्या अंगात तेल मुरलेले असेल तरच ती आटोक्यात राहते. ही सोय बुशमध्येच केलेली असते.

जुन्या, ओतीव लोखंडाच्या जड पंख्यांना पुढेमागे तेलाची लहान कुपी किंवा झाकण असलेले भोक असे आणि दर मोसमात मालकाने त्यात तेल घालावे अशी अपेक्षा असे. स्कायलर व्हीलरने १८८२ च्या सुमारास अमेरिकेत विजेवर चालणारा पहिला टेबल पंखा बनवला. तिथपासून कित्येक दशके हाच रिवाज होता. पुढे धातूच्या भुकटीपासून सच्छिद्र बुश बनवण्याची रीत आली. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या क्रायस्लर मोटार कंपनीने असे बुश ‘ऑइलाइट’ नावाने बाजारात आणले आणि लहान मोटरींचे जगच बदलले. सुमारे नव्वद टक्के तांबे आणि दहा टक्के कथील यांची भुकटी साच्यात दाबतात आणि तांबे वितळणार नाही इतक्या तापमानाला भट्टीत भाजतात. कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात. अशा बुशच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा नुसत्या पोकळ्यांचा असतो. आतली हवा काढून घेऊन त्यांत तेल भरले जाते. बुश हातात घेतला तर भरीव काशाचा वाटतो, पण मातीचा माठ जसा पाणी पाझरतो तसा तो तेल पाझरतो. पंखा सुरू झाला की शाफ्टच्या उष्णतेने आणि ओढीने तेल बाहेर येते. थांबून थंड झाला की तेच तेल पुन्हा छिद्रांत शोषले जाते. बुशभोवती तेलात भिजवलेली फेल्टची चकती असते. बुशचे तेल कमी होत जाते तसे ही चकती त्याला आपल्याजवळचे देत राहते.

एवढ्याशा बुशच्या छिद्रांत मावणारे तेल किती? जेमतेम पाच-सहा थेंब. फेल्टमध्ये आणखी थोडे. कोट्यवधी फेऱ्यांची मदार या थेंबांवर असते. खोक्यावर ‘आयुष्यभराचे वंगण’ असे लिहिलेले असते, त्यातले आयुष्य या थेंबांचेच. मोटर तासन्‌तास चालून तापते, तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होत जाते, थोडे उडून जाते आणि उरलेले धूळ पिऊन टाकते. शाफ्टवर मग तपकिरी, वार्निशसारखा चिवट थर चढतो. बोटाला जाणवणारा तो विरोध याच थराचा असतो.

दोन्ही बुश सारखेच दिसत असले तरी त्यांचे नशीब वेगळे असते. पुढच्या बुशवर पात्यांचे वजन येते, त्यामुळे झिजतो तो बहुतेकदा पुढचा. पण पंखा हवा ओढतो मागून. मोटरीच्या झाकणाच्या खाचांतून धूळ आधी शिरते ती मागच्या बाजूला, आणि मागच्या बुशवर मान फिरवणाऱ्या गिअरची डबी बसलेली असते. तो दिसत नाही, म्हणून त्याला कोणी तेल घालत नाही. घरगुती दुरुस्ती फसते ती बहुतेकदा इथे. पुढे जाळीतून तेलाचे नळकांडे घालून चार थेंब सोडले जातात, पंखा आठवडाभर बरा चालतो आणि पुन्हा कुरकुरतो, कारण मागचा बुश कोरडाच राहिलेला असतो. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

धुळीविषयी थोडे. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर धूळ बसतेच कशी, हा प्रश्न लहान मुले विचारतात आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. रिचर्ड फाइनमननेही भौतिकशास्त्राच्या आपल्या व्याख्यानांत या धुळीचा दाखला दिला आहे. पात्याला अगदी चिकटून असलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरतो. पात्याच्या दृष्टीने तो स्थिर असतो. लुडविग प्रान्टल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत पृष्ठभागाजवळच्या अशा पातळ थराची कल्पना मांडली आणि तिच्यावर पुढे विमानशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला. धुळीचा बारीक कण या थरात बसला की वारा त्याला उडवू शकत नाही. हवा कापत जाणाऱ्या कडेवर तर कण आपटून आपटून दाट पट्टाच तयार होतो. स्वयंपाकघराजवळच्या पंख्यावर फोडणीची वाफ बसते आणि धूळ तिला घट्ट धरून ठेवते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे माग जवळ असेल, तर सुताचा बारीक तंतू जाळीवर लोकरीसारखा साचतो. ही धूळ दिसायला वाईट म्हणून काढायची नाही. एका पात्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी बसली की तोल जातो, शाफ्ट थरथरतो आणि बुश एका बाजूने झिजतो. शिवाय पंख्याची मोटर स्वतःच्याच वाऱ्यावर थंड होते. जाळी आणि मागच्या खाचा बुजल्या की वारा कमी होतो, मोटर तापते आणि तेल लवकर सुकते.

आता प्रत्यक्ष काम. प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करा. पुढची जाळी काढली की पात्यांच्या मधोमध प्लास्टिकची चकती किंवा नट दिसतो. प्लास्टिकची पाती असलेल्या बहुतेक पंख्यांत याचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवाल तर तो आणखी आवळला जाईल किंवा तुटेल. पंखा समोरून पाहता काट्यांच्या दिशेने फिरतो आणि दर वेळी सुरू होताना नट जडत्वाने मागे राहू पाहतो. आटे उलटे असल्यामुळे या मागे राहण्याने तो सैल होण्याऐवजी घट्ट होतो. मागची जाळी धरून ठेवणारी मोठी कडी मात्र सरळ आट्यांची असते. धातूची पाती असतील तर त्यांच्या बुंध्यात आडवा स्क्रू असतो आणि तो शाफ्टच्या चपट्या केलेल्या बाजूवर टेकलेला असतो.

पाती आणि जाळ्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात, मोटरीला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. चिकट थरासाठी भांड्यांचे द्रव पुरते. धातूच्या पात्यांना पोचा पडू देऊ नका; वाकलेल्या पात्याचा तोल पुन्हा आणणे अवघड असते.

पाती निघाली की शाफ्टकडे नीट पाहा. पाती आणि मोटर यांच्यामधल्या बोटभर जागेत केस, दोरे, सुताचे तंतू गुंडाळलेले असतात. कधीकधी त्यांची कडक, काळी कडीच झालेली असते आणि ती बुशच्या तोंडाशी घट्ट बसून फेल्टमधले तेल शोषत असते. ब्लेडच्या टोकाने ती कापून चिमट्याने ओढून काढा. काही पंखे एवढ्यानेच मोकळे होतात.

मागचे झाकण काढण्याआधी मान फिरवण्याची खुंटी उपसून घ्यावी लागते. तिचा स्क्रू तिच्या अंगातच असतो. झाकणाआड गिअरची डबी दिसेल. कोणती तार कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डबीचे दोन-तीन स्क्रू काढले की ती सुटते आणि मागचा बुश अखेर उघडा पडतो. डबीतले पांढरे ग्रीस काळे, वाळलेले असेल तर पुसून नवे भरावे.

बुश नुसता कोरडा असेल आणि पाती बऱ्यापैकी फिरत असतील, तर मोटर आणखी उघडायची गरज नसते. दोन्हीकडच्या फेल्टवर तेल सोडायचे आणि मुरू द्यायचे. पण शाफ्ट जामच असेल तर रोटर बाहेर काढावा लागतो. मोटरीच्या दोन झाकणांना जोडणारे चार लांब बोल्ट असतात. ते सैल करण्याआधी दोन्ही झाकणांवरून आणि स्टेटरवरून पेन्सिलीची एक सलग रेघ ओढून ठेवावी, म्हणजे जोडताना झाकणे जिथली तिथे बसतात. आणि इथे एक गोष्ट घाई करणाऱ्यांकडून हमखास राहते. शाफ्ट बुशमधून ओढून काढण्याआधी त्याचा बाहेर आलेला भाग स्वच्छ करायचा. त्यावर गंज असतो, स्क्रूने उमटवलेली धारदार खूण असते. तशीच ती आतून ओढली तर मऊ काशावर ओरखडा पडतो आणि तो कायमचा राहतो. बारीक पॉलिश पेपरने शाफ्ट गुळगुळीत करा, पुसा, बोटाने चाचपून पाहा, आणि मगच झाकण सरकवा. शाफ्टवर नायलॉनच्या किंवा फायबरच्या पातळ चकत्या असतात. त्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा.

शाफ्टवरचा तपकिरी थर फडक्यावर रॉकेल घेऊन निघतो. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन चालते. खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून दूर बसून हे काम करावे. पेट्रोल वापरू नये आणि थिनर वाइंडिंगला लागू देऊ नये, कारण तो तारेवरचे वार्निश सोडवतो. बुशच्या भोकातून फडक्याची पिळलेली वळी ओढून घ्यायची, काळे येणे थांबेपर्यंत. तिथे पॉलिश पेपर मुळीच लावायचा नाही. घासल्याने मऊ धातू पसरून छिद्रांची तोंडे बुजतात आणि कागदाची कचकच काशात रुतून बसते. असा बुश दिसायला चकचकीत होतो, पण तेल पाझरायचे बंद होतो.

तेल कोणते? घरात असते ते शिलाई मशीनचे तेल. ते चालते, पण पातळ असल्यामुळे लवकर संपते. यंत्रसामानाच्या दुकानात ३२, ४६ किंवा ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल मिळते. लेथवाले कारागीर तेच वापरतात. पंख्याच्या बुशसाठी ते मला सर्वांत योग्य वाटते. खोबरेल, गोडेतेल कदापि घालू नये. ही तेले हवेने चिकट होतात आणि खोबरेल तर २४ अंशांच्या आसपास गोठते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात असा पंखा सुरूच होणार नाही. गंज सोडवणारे स्प्रे हे वंगण नव्हे. अशा स्प्रेंपैकी सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा १९५३ साली धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाला आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. जाम शाफ्ट सोडवायला त्याचा उपयोग होतो, पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा असल्यामुळे नंतर तेल घालावेच लागते. ग्रीस गिअरच्या डबीत हवे, बुशमध्ये नको. त्यातला साबणासारखा घट्ट भाग छिद्रे बुजवतो.

तेल सिरिंजने घालावे. फेल्टवर दोन-तीन थेंब, थोडा वेळ थांबून पुन्हा दोन-तीन, फेल्ट ओली दिसेपर्यंत. बुश ऊबदार असेल तर तेल जास्त चांगले मुरते. बुशसकट झाकण एप्रिलच्या उन्हात तासभर ठेवून मग तेल द्यावे आणि सावलीत थंड होऊ द्यावे. छिद्रांतली हवा थंड होऊन आकसते आणि तेल आत ओढून घेते. भोकालाही आतून तेलाचा हात द्यावा. ओघळलेले तेल पुसून टाकायचे. वाइंडिंगवर गेलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

जोडणी करताना बोल्ट एकदम आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे आणि दर वेळी शाफ्ट बोटाने फिरवून पाहायचा. बुश बाहेरून गोलाकार असतो आणि आपल्या घरट्यात किंचित वळू शकतो, म्हणजे दोन्ही बुश एका रेषेत येतात. आवळल्यावर शाफ्ट अडला, तर शाफ्ट फिरवत ठेवून झाकणावर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. बुश आपली जागा घेतो आणि शाफ्ट एकदम मोकळा होतो. हा क्षण हाताला स्पष्ट कळतो. शाफ्ट पुढेमागे किंचित सरकला पाहिजे. अजिबात सरकत नसेल तर चकती चुकली आहे.

बुश मोकळे असूनही पंखा स्वतःहून सुरू होत नसेल, तर कंडेन्सर बदलायचा. टेबल पंख्यात तो साधारण दोन-अडीच मायक्रोफॅरडचा असतो, आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो आणि नवा तेवढ्याच आकड्याचा घ्यायचा. जास्त आकड्याचा बसवून वेग वाढवण्याचा मोह वाइंडिंगच्या जिवावर उठतो. जुना काढताना त्याच्या टोकांना बोट लावू नये, त्यात वीज साठलेली असू शकते. पंखा पूर्ण निपचित असेल, गुणगुणतही नसेल, तर वाइंडिंगमध्ये दडवलेला उष्णतेचा फ्यूज उडाल्याची शक्यता असते. तो तार जोडून वगळणारे कारागीर भेटतात. तसे करू देऊ नका. अडलेल्या पंख्याला थंड करणारा वारा उरत नाही आणि रात्रभर वीज चालू राहिली तर आग लागू शकते. ती रोखण्यासाठीच हा फ्यूज असतो.

संगणकातला बारा व्होल्टचा लहान पंखाही याच जातीचा. त्यातल्या स्वस्त प्रकारात एकच सच्छिद्र बुश असतो आणि तो मागच्या चिकटपट्टीखाली, कधी रबरी बुचाखाली दडलेला असतो. पट्टी सोलून एक-दोन थेंब घालावेत आणि पट्टीची जागा कोरडी पुसावी, नाहीतर ती पुन्हा चिकटत नाही. धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर जोराच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरतो, स्वतःच वीज निर्माण करतो आणि ती मदरबोर्डात शिरू शकते. बॉल बेअरिंगच्या पंख्यांना मात्र हा उपचार लागू नाही. छताच्या पंख्यात बॉल बेअरिंग असतात. आवाज करू लागली की ती बदलायची असतात.

नवा पंखा घेताना तो फिरवून मागचे झाकण पाहावे आणि मोटर बोल्टने जोडलेली आहे का, हे दुकानदाराला विचारावे. काही स्वस्त पंख्यांची मोटर रिव्हेट ठोकून कायमची बंद केलेली असते. तिच्या मागच्या बुशपर्यंत कोणाचाही हात पोचत नाही आणि ते पाच-सहा थेंब संपले की पंखा संपतो. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी असा पंखा घेऊ नये.

तेल घालण्याची वेळ बहुतेक लोक मार्चची मानतात. माझ्या मते ती जूनची आहे. विदर्भ-मराठवाड्यात कूलर आणि पंखे पावसाच्या तोंडावर जसेच्या तसे माळ्यावर किंवा गच्चीच्या खोलीत जातात. कूलरचा पंखा तर उन्हाळाभर ओल्या हवेत फिरलेला असतो. चार महिन्यांच्या दमट हवेत उघड्या शाफ्टवर गंज धरतो आणि तोच गंज मार्चमध्ये बुश कापतो. म्हणून ठेवून देण्याआधी पंखा पुसा, दोन्ही बुशांना तेल द्या, शाफ्टवर तेलाचा हात फिरवा, पाच मिनिटे चालवा आणि मग जुन्या चादरीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल धरते. कोकणात पंखा बारा महिने चालतो. तिथे हेच काम पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करावे.